उडालेला टवका, उघडा पत्रा

मोटारीच्या बॉनेटवरचा किंवा दाराच्या कडेचा रंगाचा लहानसा टवका उडाला की बहुतेक मालक एक तर त्याकडे महिनोन्महिने पाहतही नाहीत, किंवा लगेच गॅरेजात जाऊन अख्खे बॉनेट नव्याने रंगवून घेतात. या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग सोपा आणि स्वस्त असून तो घरच्या अंगणात पार पाडता येतो. मात्र त्यासाठी मोटारीचा रंग म्हणजे नेमके काय, तो उडाल्यावर पत्र्याचे काय होते आणि दुरुस्तीचा खरा हेतू कोणता, हे आधी समजून घ्यावे लागते. हा हेतू डाग नाहीसा करणे एवढाच मानला, तर पुष्कळ मेहनत करूनही निराशाच पदरी पडते. उघडा पडलेला पत्रा हवा-पाण्यापासून पुन्हा बंद करणे हा हेतू मानला, तर साध्या हातांनीही तो पूर्णपणे साधतो.

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात हा विषय रोजच्या वापराचा आहे. खाम नदीच्या काठी वसलेली आणि एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणींचा मुक्काम असलेली ही वस्ती आज नगर नाक्याच्या वर्दळीला लागून आहे. एका बाजूने पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद, वेरूळ असा रस्ता जातो, तर दुसऱ्या बाजूने वाळूजच्या औद्योगिक वसाहतीकडे आणि पुढे अहिल्यानगरकडे. या रस्त्यांवरून कारखान्यांचे कंटेनर, खडी-मुरूम वाहणारे टिप्पर आणि हंगामात उसाच्या गाड्या सतत धावत असतात, आणि त्यांच्या चाकांखालून उडणारा बारीक खडा मागच्या मोटारीच्या तोंडावर आदळतो. शहराचा वाहनउद्योगाशी संबंधही जुना आहे: बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८० च्या दशकाच्या मध्यापासून, तर स्कोडाचा शेंद्रा येथील कारखाना २००१ पासून चालू आहे. जिथे इतक्या कुटुंबांची रोजीरोटी वाहनांवर चालते, तिथे वाहनाच्या पत्र्याची निगा कशी राखावी याचे ज्ञानही घरोघरी असायला हवे.

रंगाचे थर

मोटारीवर दिसणारा रंग हा एकच लेप नसून एकावर एक चढवलेल्या अनेक थरांची रचना असते. साधारणपणे एक मिलिमीटरहून कमी जाडीच्या पोलादी पत्र्यावर, पुष्कळ गाड्यांत आधीच जस्ताचा मुलामा असतो. त्यावर फॉस्फेटची रासायनिक प्रक्रिया होते, जेणेकरून पुढचे थर पत्र्याला घट्ट धरतील. त्यानंतर संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्याच्या कानाकोपऱ्यांत गंजरोधक लेप बसवला जातो. हे तंत्र १९६० च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर यांच्या कामातून मोटारींसाठी वापरात आले आणि पुढे जगभरच्या कारखान्यांनी ते स्वीकारले. या लेपावर प्रायमर, म्हणजे खालचा पृष्ठभाग सपाट करून रंगाला आधार देणारा थर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा बेसकोट आणि सर्वांत वर क्लिअरकोट, म्हणजे रंगहीन, चकचकीत आणि उन्हाला अडवणारा पारदर्शक थर येतो.

या सर्व थरांची एकत्र जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तेव्हा ही सगळी रचना मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या हिश्शाएवढी झाली. त्यातही रंगाचा थर फार पातळ, दहा-वीस मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि चमक देणारा क्लिअरकोट साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो. ही मोजमापे लक्षात ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण घरी दुरुस्ती करताना होणाऱ्या बहुतेक चुका जास्त घासण्यामुळे किंवा जास्त रंग थापल्यामुळे होतात.

मोटारींच्या आरंभकाळात वार्निशाचे थर हाताने चढवून वाळवायला आठवडेच्या आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीने ड्यूको नावाचा नायट्रोसेल्युलोजचा, लवकर वाळणारा रंग आणला, तेव्हा हा कालावधी दिवसांवर आला आणि रंगीत मोटारी सर्रास दिसू लागल्या. भारतातही हा व्यवसाय वाढला. १९२० मध्ये मुंबईत गहागन पेंट्स म्हणून सुरू झालेली कंपनी आज कन्साई नेरोलॅक या नावाने मोटारींच्या रंगांत अग्रगण्य आहे.

खडा, वेग आणि गंज

खड्याने होणारे नुकसान त्याच्या वजनापेक्षा वेगावर अधिक अवलंबून असते, कारण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीवर पाच ग्रॅमचा खडा आदळला, तर आघाताची ऊर्जा सुमारे ०.७ ज्यूल होते. तोच खडा ताशी १२० किलोमीटर वेगात आदळला, तर ती चौपट, म्हणजे सुमारे २.८ ज्यूल होते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून सावंगी किंवा माळीवाड्याच्या फाट्यावरून ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेपर्यंतचा वेग सामान्य मोटारचालकाच्या आवाक्यात आला आहे, आणि त्याबरोबरच बॉनेटच्या पुढच्या कडेवर, छताच्या पुढच्या पट्टीवर आणि आरशांच्या पाठीवर टवके उडण्याची शक्यताही वाढली आहे.

टवका उडून लोखंड उघडे पडले की हवेतला ऑक्सिजन आणि पाणी मिळून त्यावर गंज चढू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो नुसता उघड्या ठिपक्यापुरता राहत नाही, तर कडेने रंगाच्या खाली शिरून चांगला रंगही वर उचलतो. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल, तर जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला काही काळ वाचवते. मुलामाही खरवडला गेला असेल, तर एवढेही संरक्षण उरत नाही. मराठवाड्याची कोरडी हवा या बाबतीत कोकणच्या खाऱ्या, दमट किनाऱ्यापेक्षा सौम्य आहे, त्यामुळे हिवाळ्यात-उन्हाळ्यात टवका निरुपद्रवी वाटतो, पण जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तोच ठिपका काही आठवड्यांत तांबूस होतो. पावसाळ्याआधी टवके बंद करणे, हा या हवामानातला साधा आणि हमखास नियम आहे.

टवक्याची खोली ओळखणे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी टवका कोणत्या थरापर्यंत गेला आहे, हे पाहावे. केवळ क्लिअरकोटला गेलेला ओरखडा पांढुरका दिसतो, नखाला फारसा लागत नाही आणि पाणी लावल्यावर जवळजवळ दिसेनासा होतो. अशा ओरखड्यावर रंग न लावता हलके पॉलिश पुरते. आत राखाडी किंवा फिकट थर दिसत असेल, तर तो प्रायमर आहे आणि गंजाचा धोका अजून नाही, पण रंग भरायला हवा. चकाकणारा धातू किंवा तांबूस डाग दिसला, तर काम लांबणीवर टाकू नये. बंपरचे मात्र वेगळे आहे: तो बहुधा प्लास्टिकचा असतो, त्याला गंज चढत नाही, म्हणून तिथली दुरुस्ती निव्वळ देखणेपणाची असते आणि तिला प्लास्टिकसाठीचे खास प्रायमर लागते.

वाटाण्याएवढ्या टवक्यापर्यंतचे काम घरी करावे. त्याहून मोठे डाग, पत्र्याला पोचा पडून फुटलेला रंग, रंगाखाली फुगलेले बुडबुडे आणि आरपार गेलेला गंज ही डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या कारागिराची कामे आहेत.

नेमकी छटा

पांढरी गाडी पांढऱ्या रंगाने आणि चंदेरी गाडी चंदेरी रंगाने दुरुस्त होईल, ही समजूत चुकीची आहे, कारण एकाच कंपनीच्या पांढऱ्याच्याही अनेक छटा असतात. प्रत्येक गाडीवर कारखान्याने दिलेला रंगाचा सांकेतिक क्रमांक असतो. तो दाराच्या खांबावरच्या किंवा इंजिनाजवळच्या पट्टीवर, तर काही गाड्यांत डिकीतल्या सुट्या चाकाच्या खोबणीतल्या चिठ्ठीवर छापलेला आढळतो. हा क्रमांक सांगून कंपनीच्या विक्रेत्याकडून टचअपची छोटी बाटली किंवा पेन मागवता येते, किंवा रंगमिश्रणाचे यंत्र असलेल्या दुकानातून थोडासा रंग बनवून घेता येतो.

साध्या रंगांत केवळ रंगद्रव्य असते, म्हणून ते सर्वांत सोपे. मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे अतिसूक्ष्म पापुद्रे, तर पर्ल रंगात अभ्रकाचे कण मिसळलेले असतात. कारखान्यात फवाऱ्याने चढवताना हे कण एका दिशेने आडवे बसतात, पण ब्रशने लावताना ते वेडेवाकडे पडतात, त्यामुळे क्रमांक अचूक असूनही दुरुस्त केलेला ठिपका किंचित गडद भासतो. हे कण तळाशी बसतात, म्हणून बाटली चांगली दोन मिनिटे हलवल्याशिवाय उघडू नये. शिवाय मराठवाड्याच्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग उडालेला असतो. तेव्हा आधी पत्र्याच्या तुकड्यावर किंवा जाड कागदावर रंगाचा ठिपका लावून, तो पूर्ण वाळल्यावर, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात गाडीशी ताडून पाहावा. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये.

दुरुस्तीची रीत

पहिली पायरी स्वच्छतेची. गाडी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण पुसून घ्यावी. बोअरचे पाणी जड असल्यास ते वाळू देऊ नये, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग पडतात. त्यानंतर टवक्याच्या भोवतीची जागा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, कारण जुने पॉलिश, मेण किंवा बोटांचे तेल राहिले तर नवा रंग धरत नाही आणि पुढच्या धुण्यातच निघून येतो.

दुसरी पायरी कडा आणि गंज यांची. टवक्याच्या कडेला रंगाच्या सुटलेल्या खपल्या असतील, तर त्या सुईच्या टोकाने अलगद काढाव्यात. गंज असेल तर तो सुईने किंवा पेन्सिलीच्या टोकाला चिकटवलेल्या बारीक वॉटर पेपरच्या तुकड्याने, ठिपक्याच्या आतच, चकाकता धातू दिसेपर्यंत खरवडावा. खळग्यांत रुतलेला गंज पूर्ण निघत नसेल, तर रस्ट कन्व्हर्टर वापरावे. त्यातले फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल उरलेल्या गंजाशी संयोग पावून त्याचे स्थिर थरात रूपांतर करते. गंजावर सरळ रंग लावणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय, कारण गंज झाकला जातो पण थांबत नाही, आणि वर्षभरात मोठा फोड होऊन बाहेर येतो.

तिसरी पायरी प्रायमरची. धातू उघडा असेल तरच, टूथपिकच्या टोकाने किंवा चित्रकलेच्या सर्वांत बारीक ब्रशने, खळग्याच्या तळाशी प्रायमरचा एक पातळ थेंब पसरावा आणि किमान तासभर वाळू द्यावा. चौथी पायरी रंगाची. थेंब खळग्याच्या मध्यभागी टेकवून त्याला आपोआप कडेपर्यंत पसरू द्यावे. कडेबाहेर रंग ओढू नये. एका दमात खळगा भरून टाकण्याऐवजी वीस-तीस मिनिटांच्या अंतराने दोन-तीन पातळ हात द्यावेत, कारण वाळताना रंगातले द्रावक, म्हणजे रंग पातळ ठेवणारा उडून जाणारा भाग, निघून जाऊन रंग आक्रसतो, आणि जाड थरात तो आतच अडकून थर मऊ राहतो. कडेबाहेर रंग गेलाच, तर तो ओला असतानाच अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने पुसून घ्यावा. अशा लहान टवक्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरण्याची गरज नसते.

पाचवी पायरी क्लिअरकोटची. रंग काही तास वाळल्यावर त्याच पद्धतीने पारदर्शक थराचे दोन-तीन हात द्यावेत आणि ठिपका भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा अगदी किंचित वर येईपर्यंत थांबावे. यानंतर किमान आठवडाभर त्याला हात लावू नये. ज्यांना हात बसलेला आहे, त्यांनी मगच २००० आणि नंतर ३००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने, भरपूर साबणाचे पाणी लावून, फक्त उंचवट्यावर हलके घासावे. क्रमांक जितका मोठा तितका कागद बारीक. शेवटी रबिंग कंपाऊंड आणि पॉलिश लावले की चमक जुळते. मात्र मूळ क्लिअरकोट जेमतेम चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असल्याने घासणे जरा वाढले तरी तो कायमचा निघून जातो आणि जिथे ठिपका होता तिथे मोठा निस्तेज पट्टा दिसू लागतो. म्हणून नवख्या माणसाने ही पायरी सोडून द्यावी, हाच शहाणपणाचा सल्ला आहे. ठिपक्याचा हलका उंचवटा राहिला तरी पत्र्याचे संरक्षण पूर्ण झालेले असते. मेणाचा हात महिनाभराने द्यावा, म्हणजे नव्या रंगातले उरलेले द्रावक बाहेर पडायला वाट मिळते.

ऋतू, जागा आणि सुरक्षितता

छावणीच्या हवामानात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने या कामाला सर्वांत चांगले. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला भिडतो आणि उन्हात उभ्या गाडीचे बॉनेट हाताला चटका देते. अशा पत्र्यावर रंगाचा वरचा पापुद्रा लगेच वाळतो, आतले द्रावक कोंडते आणि बुडबुडे येतात. पावसाळ्यात याच्या उलट अडचण असते. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर थिजते आणि थर दुधाळ दिसू लागतो. उन्हाळ्यात काम करणे भागच पडले, तर सकाळी लवकर, गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवून आणि पत्रा थंड असताना करावे. धूळ ही तिसरी अडचण; गुरुवारी आठवडी बाजार भरतो तेव्हा बाजाराच्या आसपासच्या रस्त्यांवर वर्दळ आणि धूळ वाढते, तो दिवस या कामासाठी टाळलेला बरा.

थिनर आणि रंग यांची वाफ ज्वालाग्राही असते, आणि ती श्वासावाटे गेल्यास डोकेदुखी, भोवळ असे त्रास होतात. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, मुलांना आणि उघड्या ज्योतीला दूर ठेवून करावे. हार्डनर मिसळून वापरायच्या, फवारणीच्या रंगांत आयसोसायनेट नावाची रसायने असतात आणि त्यांनी फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. साधे कापडी मास्क त्यापासून वाचवत नाही, म्हणून ते रंग घरी फवारू नयेत. उरलेले थिनर मोरीत किंवा नाल्यात ओतू नये, कारण या भागातले नाले खाम नदीलाच मिळतात. रंग पुसलेले कापडाचे बोळे मोकळ्या जागी पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाकावेत.

हिशेब आणि निर्णय

लहान टवक्यासाठी विम्याचा दावा करणे बहुधा तोट्याचे ठरते. खासगी मोटारीच्या दाव्यात १५०० सीसीपर्यंतच्या इंजिनासाठी १००० रुपये आणि त्यापुढे २००० रुपये मालकाला सक्तीने स्वतः भरावे लागतात. शिवाय दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी नो-क्लेम बोनसची सवलत अशा एका दाव्याने जाते. अख्खे बॉनेट रंगवून घेण्यातही तोटा असतो: कारखान्यात उंच तापमानाच्या भट्टीत भाजलेला मूळ रंग गॅरेजातल्या रंगापेक्षा टिकाऊ असतो, आणि दोन-चार ठिपक्यांसाठी तो घासून काढणे म्हणजे अधिक चांगली वस्तू देऊन कमी चांगली घेणे होय. मोठे नुकसान झाले तर मात्र कुशल कारागिराकडेच जावे आणि त्याच्या कामाचे योग्य मोल द्यावे.

टवके उडूच नयेत यासाठी सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे टिप्पर आणि ट्रक यांच्यामागे पुरेसे अंतर ठेवणे, काम चालू असलेल्या किंवा खडी पसरलेल्या रस्त्यावर वेग कमी करणे आणि चाकांमागचे मडफ्लॅप शाबूत ठेवणे. एवढे करूनही टवके उडणारच, म्हणून दर महिन्याला गाडी धुताना बॉनेटची कड, छताची पुढची पट्टी, दारांच्या कडा आणि चाकांवरच्या कमानी बोट फिरवून तपासाव्यात. गाडीच्या रंगाचा क्रमांक आजच लिहून ठेवावा, टचअपची बाटली मे महिन्यापूर्वी घरात आणावी आणि पहिला पाऊस पडण्याआधी प्रत्येक उघडा ठिपका बंद करावा. जवळून पाहिल्यावर ठिपका ओळखू आला तरी त्याची खंत बाळगू नये. पत्रा झाकला गेला आणि गंज थांबला, म्हणजे दुरुस्ती यशस्वी झाली.